शाफ्टवरचा श्री

मुळीकांनी तुटलेल्या शाफ्टचा तुकडा प्रभुणेबाईंच्या टेबलावर ठेवला. वर्षातला हा तिसरा. आणखी एक तुटला, तर साखर कारखाना त्यांच्या वर्कशॉपला पुन्हा काम देणार नव्हता.

"दर वेळी जाडी वाढवली, बाई. पोलादही भारीतलं घेतलं."

यंत्ररचना शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी तुटल्या जागी भिंग धरलं. "तडा इथून सुरू झालाय. हे काय कोरलंय?"

"श्री. नवा शाफ्ट बसवण्याआधी वडील स्वतः छिन्नीनं कोरतात. सगळ्यात जास्त भार येतो, नेमकं तिथंच. शाफ्ट टिकावा म्हणून."

"मागच्या दोन्हींवरही?"

"हो. या वेळी जरा खोल."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "छिन्नीच्या खाचेतूनच तडा जातो. जाडी पहिलीच पुरे. श्री टोकाच्या सपाट तोंडावर कोरा, तिथं भार नसतो."

"भारच नाही, तर श्री तिथं काय करणार?"

"विश्रांती."

मुळीकांनी उत्तर डायरीत जसंच्या तसं उतरवलं. वडिलांना पोलादाचं शास्त्र पटलं नसतं. पण देवाला विश्रांती द्यायला ते नाही म्हणणार नव्हते.