पिवळा चौकोन

लाल कापडाने रंग सोडला तेव्हा मावशी दारात उभी होती.

फाटकाची कडी वाजली होती. ती वाजली की मावशीच्याने घरात बसवत नसे. हात ओले असोत, गॅसवर काही असो, दाराशी जायचीच. या वेळी एक कुत्रं फाटकाला अंग घासत होतं. "तू होय," म्हणत तिने उगीच रस्त्याच्या टोकापर्यंत नजर टाकली. परत आली तर बादलीतलं पाणी लालभडक.

मावशी गोधड्या शिवायची. सगळ्या गल्लीची मावशी, सख्खी कुणाचीच नाही. कापड आधी भिजवा, आटायचं ते आटू द्या, ओला पांढरा रुमाल चोळून रंग जातोय का बघा, हे शिकायला येणाऱ्या बायकांना ती घसा कोरडा पडेपर्यंत सांगायची. आणि आज स्वतःच रुमाल घ्यायला वळली, कडी वाजली, आणि हातातलं लाल कापड बादलीत पिवळ्याच्या शेजारी पडून राहिलं.

ते पिवळं बारीक हिरव्या पानांचं होतं. चष्मेवाल्या बाईंनी दिलेल्या गाठोड्यातून ते निघालं तेव्हा मावशीच्या काळजात चर्र झालं होतं. अगदी अशाच कापडाचा लेकीचा कुडता पेटीत होता. त्या वर्षी बाजारात हे कापड ढिगाने आलं होतं, जिकडेतिकडे पोरी त्यातच दिसायच्या, हे तिला ठाऊक होतं. तरी बाई आल्या की विचारायचं, कुठलं हो हे, असं तिने ठरवून टाकलं होतं.

बाई अनोळखी होत्या. गाठोडं दारातच देऊन म्हणाल्या होत्या, "बाळासाठी दुपटं हवंय. आठवणीची कापडं आहेत, जपा. काही विचारावंसं वाटलं तर न्यायला येईन तेव्हा विचारा हं."

आता कुठल्या तोंडाने विचारणार!

शेजारची इस्त्रीवाली येऊन बादलीत डोकावली. "मावशे, हे तर केशरी झालं की! लाव तसंच. बाळ थोडंच तक्रार करणार आहे?"

"आठवणीचं आहे गं ते."

"मग तसलंच दुसरं लाव आणि तोंडाला कुलूप घाल. पिवळ्याचा विषयच काढू नकोस."

तसलंच दुसरं घरात एकच होतं.

जगाची कापडं भिजवणाऱ्या मावशीने तो कुडता कधी पाण्यात घातला नव्हता. गळ्यापाशी लेकीच्या केसांच्या तेलाचा वास अजून होता. "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस," असं भांडणात मावशीच बोलून गेली होती. रागात माणूस वाट्टेल ते बोलतं. पण पोरगी आईच्याच वळणाची, शब्द धरून बसली. ना फोन, ना निरोप.

कात्री लावताना मावशी रडली. दुसऱ्याच्या आठवणीचं वाटोळं करून हात झटकणं तिला जमणारं नव्हतं. दुपट्याच्या मधोमध तिने पिवळा चौकोन बसवला, तोही न धुता. आटला तर आटू दे.

ठरल्या दिवशी बाई आल्या. पाणी प्यायल्या, तरी उठेनात. दुपट्यावरून हात फिरवता फिरवता त्यांचं बोट नेमकं मधल्या चौकोनावर थांबलं.

"हे पिवळं छान दिसतंय," बाई म्हणाल्या.

"हो. त्यानेच उठाव आलाय."

"तुम्हाला आवडलं का हे कापड?"

"चांगलंय की."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "काही विचारायचं नाही ना तुम्हाला?"

प्रश्न ओठांवर आला होता. पण एक विचारलं की दहा सांगावी लागतील, आणि बाई म्हणतील, माझं कापड कुठंय? मावशीने दुपट्याची घडी घातली आणि हातात दिली.

"नाही बाई. मी काय विचारणार? बाळाला आशीर्वाद सांगा."

बाई गेल्या. फाटकाची कडी वाजली आणि मावशीने सुटकेचा श्वास सोडला. मग रिकाम्या पेटीचं झाकण लावायला ती आत वळली.

गल्लीच्या वळणापलीकडे एक गाडी उभी होती. आत पोटावर हात ठेवून बसलेल्या मुलीने घाईने काच खाली केली.

"विचारलं तिने?"

"पाणी दिलं, गोड बोलल्या. पण त्याबद्दल अवाक्षर नाही. मी दोनदा विषय काढून बघितला."

"माझी ओढणी बघूनही?"

बाईंनी मान खाली घातली. मुलीने दुपटं घेतलं आणि घडीसुद्धा न उलगडता मांडीवर ठेवलं.

"चला मग," काच वर करत ती म्हणाली. "तोंड दाखवायचं नाही म्हणजे नाही."