पूर्वेकडून आलेल्या कोच

मुलीला कॉलेजप्रवेशाची परीक्षा तिसऱ्यांदा द्यायला सांगितल्याचं कळलं, तेव्हा लायल हाल्व्हर्सनच्या मनात पाल चुकचुकली.

"कोच डॉड म्हणाल्या, गणितात अजून थोडे गुण वाढले तर बरं," सिग्ने बर्फाचे बूट काढत म्हणाली.

"आणि तुझ्या खेळाबद्दल काय म्हणाल्या?"

"ते नंतर बोलू म्हणाल्या."

लायल तिच्याच शाळेत गणित शिकवायचा. कोच डॉड यांच्या पूर्वेकडच्या नावाजलेल्या विद्यापीठात आइस हॉकीच्या मुलींनाही गुणांची अट असते, हे त्याला ठाऊक होतं. पण सिग्नेने ती पहिल्याच खेपेला पार केली होती. मग या बाईंचा हा हट्ट कशासाठी? खेळाडूंना आत घुसवायला परीक्षेत काळंबेरं झाल्याच्या बातम्या त्याने वाचल्या होत्या.

तिसऱ्या खेपेचे गुण इतके चांगले आले की त्याला आनंदाऐवजी धास्तीच वाटली. जेवताना त्याने तिच्यापुढे एक अवघड गणित सरकवलं. तिने घास चावत ते सोडवलं आणि कागद परत ढकलला.

"माझ्यावर संशय?"

"तुझ्यावर नाही गं. त्या बाईंवर."

"बाबा, मला कॉलेजात गोलपुढे उभं राहायचंय. बास. त्यासाठी म्हणाल तेवढ्या परीक्षा देईन."

लायलला स्वतःची लाज वाटली. संशय मात्र गेला नाही.

मोसम सुरू होताच कोच डॉड स्वतः मिनेसोटात आल्या. त्याच सकाळी सिग्नेने डुलुथजवळच्या लहान कॉलेजाला फोन करून नकार कळवला. तिथे गोलकीपरची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती. "थोडं थांब," असं लायल परोपरीने सांगत होता, पण ऐकेल तर ती सिग्ने कसली.

सामना शेजारच्या गावाशी होता. कोच डॉड आईबापांपासून लांब, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसल्या. विश्रांतीनंतर संघांनी बाजू बदलल्या, तशा त्याही उठून दुसऱ्या टोकाला गेल्या. बाई तोंड चुकवतेय, लायलने मनाशी म्हटलं. सिग्ने जीव तोडून खेळली. पण समोरच्या संघाची गोलकीपर ब्रिटा हिने एकही गोल होऊ दिला नाही आणि सामना हातचा गेला.

मग कोच डॉड कॉफीचे दोन कप घेऊन आपणहून त्याच्याकडे आल्या.

"मिस्टर हाल्व्हर्सन, प्रवेश पक्का समजा. तिचे गुण बघून प्रवेशवाले खूश आहेत."

"कोच, तोंडावर विचारतो, राग मानू नका. यात काही भानगड नाही ना?"

"अजिबात नाही. सगळं नियमाला धरून आहे. हवं तर विद्यापीठात विचारा."

त्या जराही अडखळल्या नाहीत. लायलचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस या बाईंबद्दल नाही नाही ते मनात आणलं, म्हणून त्याने त्यांची माफीही मागितली.

"मग आता सांगा," तो हसत म्हणाला, "आमच्या पोरीचा खेळ कसा वाटला?"

कोच डॉड यांनी कप खाली ठेवला.

"तुम्हाला कोणी सांगितलं नाही? आमच्याकडे नव्याने घेतलेल्या सगळ्या मुलींच्या गुणांची सरासरी बघतात. ब्रिटाचे फार कमी आहेत. सिग्ने तिचे गुण घेऊन संघात आली आणि बाकावर बसली, तरच मला ब्रिटाला गोलपुढे उभं करता येईल."