चाळिसावा बुंधा

चौतिसाव्या बुंध्यावर पाहणीला आलेल्या मुलीने पांढरी फुली मारली आणि वखारवाल्याने पुढचे सहा बुंधे नजरेनेच मोजले. इथपर्यंत सगळं खरं होतं.

"आणखी सहा ना, काका?"

"सहाच."

"सुटलात! चाळिसात एक जरी झाड कमी असतं तर वादळाची नुकसानभरपाई नाही. आणि एक जरी खोटं निघालं तर अख्खा अर्ज बाद." ती हसली. "तुम्हाला काय सांगायचं म्हणा, पण सांगावं लागतं."

मागून वखारीतला म्हातारा करवत्या पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन येत होता. एरवी त्याच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा. आज तो नुसता रंग ढवळत चालला होता.

वादळात झाड मुळांसकट आडवं होतं. मग खोड कापून नेलं की मुळांचा गड्डा आपल्याच वजनाने पुन्हा खड्ड्यात बसतो. पडलेलं कुठलं आणि उभं कापलेलं कुठलं, ते भोवतालच्या मातीच्या भेगांवरूनच काय ते कळतं. या सहा बुंध्यांभोवतीच्या भेगा परवा करवत्याने पहारीने पाडल्या होत्या. ताज्या कापांवर वखारवाल्याने स्वतःच्या हाताने चिखल फासला होता. वखारीचं छप्पर उडालं होतं, करवतीवरची पाच माणसं घरी बसली होती.

"वादळाचं राहिलेलं काम आपण उरकतोय म्हणा की, मालक," करवत्या तेव्हा म्हणाला होता. दोघांपैकी कुणालाच हसू आलं नव्हतं.

पस्तिसाव्या बुंध्यावरचा चिखल वाळून तडकला होता. तड्यांतून ताजा चीक पाझरत होता. वखारवाला झटकन पुढे झाला आणि त्यावर तळहात टेकून उभा राहिला.

"गुडघे कुरकुरतात हल्ली."

"टेका, टेका. तीन आठवडे ताटकळत ठेवलं तुम्हाला, चूक आमचीच आहे. सही तेवढी करून ठेवा, बाकीचं मी भरते."

तिने अर्ज पुढे केला. त्याने हात उचलून तो घेतला, आणि कागद तळव्यालाच चिकटला. त्याने हात झटकला. कागद फडफडला, पण सुटला नाही.

तिने तो हळूच सोडवून घेतला. कोपऱ्यात त्याच्या पंजाचा तपकिरी ठसा उमटला होता. तिने आपली बोटं नाकाशी नेली. मग बुंध्याकडे पाहिलं आणि शेवटी त्याच्याकडे.

तिने डब्यातला ब्रश काढून त्याच्या हातात दिला.

"ऊन लागलंय मला जरा. मी गाडीत बसते. उरलेल्या फुल्या तुम्हीच मारा, काका. वादळाने पाडलेल्यांवर."

गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. करवत्या डबा पुढे धरून उभा होता, नजर डब्यातच.

"रंग वाळतोय, मालक."

ब्रश डब्यात परत टाकायला वखारवाल्याने बोटं उघडली. ब्रश तळव्याला तसाच चिकटून राहिला.