ओळख न ठेवणारं यंत्र

"मामा, ओळखीपाळखीचा जमाना आता संपला!" अश्लेषानं सासऱ्यांना, आप्पासोंना, ठणकावून सांगितलं आणि फोनच्या तारेवर चालणारा इंटरनेटचा मोडेम तीनदा केकाटून गप्प झाला. चौथ्यांदा लागला. साल होतं १९९९. तासगावात दारापुढं बेदाण्याचा ट्रक भरून उभा होता आणि सांगलीत आज सौदा, म्हणजे लिलाव, आहे का, एवढंच आप्पासोंना हवं होतं. सुनेनंच तीन महिने क्लास करून तयार केलेल्या पानावर त्यांनी एका बोटानं नाव, गाव, माल, तारीख भरली. सांगलीच्या बाजार समितीच्या संगणकाकडून उत्तर आलं : आज सौदा नाही.

आप्पासोंनी त्याच पानावर विचारलं, "मग उद्या?"

उत्तर आलं : आपण कोण?

"आत्ता तर सांगितलं की गं!"

"तिकडचा संगणक काही लक्षात ठेवत नाही, मामा. दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगायचं."

आप्पासोंनी पुन्हा भरलं. या खेपेला गाव राहिलं. पुन्हा : आपण कोण? बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

आप्पासो दमून मागं टेकले. "पोरी, लय हुशार हाईस तू. पर आपला माल इकून देणारा सांगलीचा अडत्या मी फोनवर नुसता खोकलो तरी वळखतो. तेवढी फोनची तार मोकळी कर की जरा."