रेंज

मेकॅनिककडे त्याच्या मित्राच्या बायकोने दुरुस्तीला आणलेली रिमोटची बोट टेबलावर आपोआप सुरू व्हायची. त्याने रिमोटमधले सेलही काढून ठेवले, तरी मोटर फिरतच राहिली.

“वहिनी, मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट ठीक आहे. त्याला कुठून तरी सिग्नल मिळतोय. जोडीचा दुसरा रिमोट आहे का?”

“होता. हे तळ्यावर गेले, तेव्हा यांच्याच हातात होता. ना हे सापडले, ना तो रिमोट.”

मेकॅनिकने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

“किती लांबून चालायचा तो, भाऊजी?”

“जुनी बनावट आहे. या खोलीबाहेरून नाही चालायचा.”

खोलीत दोघंच होती. वहिनी बोटीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी अगदी हळू हाक मारली, “अहो?”

मोटर थांबली.