नावापुरती जागा

सकाळी युद्ध पुकारल्यापासून राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतल्या टायपिस्टबाईंच्या बोटांना उसंत नव्हती. पूल बंद, दिवे बंद, राखीव जवान हजर, असे सहा हुकूम सहीला गेले. सातवं मात्र सांत्वनपत्र होतं, मुलगा गमावलेल्या आईवडिलांसाठी. “इतक्यात?” बाई पुटपुटल्या. “सह्या आत्ताच उरकू, पुढे साहेबांना वेळ कुठला?” सचिव म्हणाले. “नावाची जागा कोरी ठेवा. लांबलचक नावंही मावली पाहिजेत.” जागा मापायची बाईंची रीत जुनी: एखादं नाव टाइप करून बघायचं, मग कागद फाडायचा. पहाटेच छावणीत गेलेल्या लेकाचं नाव बोटांनी आपसूक उमटवलं. नेमकं मावलं. बाई कागद फाडणार, तोच सचिवांनी तो ओढून आत नेला. परतले तेव्हा त्यावर ओली सही होती. “नाव कुणाचं, बाई?” “कुणाचंच नाही.” “राहू दे. या नावाचा कुणीतरी निघेलच.”