एकटीनं वाचलेलं पान

"मनाला लागेल म्हणून एक ओळही गाळायची नाही हं, वहिनी." दृष्टी गेलेल्या नणंदेनं कादंबरी ऐकण्याआधीच कबूल करून घेतलं होतं.

आज पुस्तक उघडताच ती म्हणाली, "काल मध्येच बराच वेळ गप्प होतीस. ते पान एकटीनंच वाचलंस ना?"

वहिनी ओशाळली. त्या पानावर एक आंधळी बाई हसत हसत नदीत चालत जाते, एवढं तिनं सांगून टाकलं.

"वन्सं, ते दुःखाचं की सुखाचं, तेच उमगत नाहीये. जपाला बसले तरी त्याच ओळी ओठांवर येतात. तुम्हाला ऐकवायची भीती वाटते."

"अगं, ती का हसली ते तुला कसं कळणार? मला विचार."

वहिनीनं एका हातानं तिचा हात घट्ट धरला, मागचं पान काढलं आणि हळू आवाजात वाचायला लागली.